जिनिव्हाला तक्रार पाठवू का?

ताई,
माझा मुलगा सात वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. बोलणं जरा अडखळत, पण सगळं कळतं. स्प्लिंटचे बूट घालून, भिंत धरून चालतो. नर्सरीपासून घराजवळच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत आहे. यंदा दुसरीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर गेला. मी त्याला कडेवर घेऊन वर नेते. जिना चढताना तो डोळे मिटून घेतो, वर पोचलो की उघडतो. शाळा सुटेपर्यंत मी जिन्याखाली बसून असते, कारण त्याला लघवीला न्यायला शाळेत कुणी नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर मुख्याध्यापिकांनी बोलावून सांगितलं, 'स्वखर्चाने शॅडो टीचर (वर्गात मुलाशेजारी बसणारा मदतनीस) ठेवा, नाहीतर स्पेशल शाळा बघा. बाकीच्या पालकांच्या तक्रारी येतात.' एका हमीपत्रावर सही मागितली आहे. सासूबाईंचं म्हणणं, पुण्याला वसतिगृहात ठेवा, तिथे त्याच्यासारखीच मुलं असतात. मिस्टरांनी मोबाइलवर पाहिलं की संयुक्त राष्ट्रांचा कायदा आहे आणि भारताने त्यावर सही केली आहे. ते म्हणतात, जिनिव्हाला तक्रार पाठवू. पाठवता येईल का? आणि आमच्या इथल्या शाळेला जिनिव्हाचं काय पडलंय?
एक आई, मिरज तालुका

उत्तर :

आधी तुमच्या मिस्टरांचा प्रश्न निकालात काढते. नाही, जिनिव्हाला तक्रार करता येणार नाही. पाकीट जाईल, पोस्टाचे पैसेही जातील, पण तिथली संयुक्त राष्ट्रांची समिती ती तक्रार हातात घेणार नाही.

त्यांनी मोबाइलवर पाहिलं ते मात्र खरं आहे. १३ डिसेंबर २००६ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार मंजूर केला. ३० मार्च २००७ ला तो सह्यांसाठी खुला झाला आणि भारताने त्याच दिवशी सही केली. १ ऑक्टोबर २००७ ला तो रीतसर स्वीकारलाही. त्याआधी १९९२ मध्येच आपण १९८९ चा बालहक्क करार स्वीकारला होता. पण एखाद्या आईला थेट समितीचं दार वाजवायचं असेल, तर या करारांना जोडलेले वेगळे ऐच्छिक करार देशाने मान्य केलेले असावे लागतात. भारताने ते केलेले नाहीत, ना अपंगांच्या कराराला जोडलेला, ना बालहक्कांच्या. सही केली, पण तक्रारपेटीची किल्ली खिशातच ठेवली म्हणा ना.

ज्या देशांनी ती किल्ली दिली आहे तिथेही आधी आपल्याच देशातल्या कोर्टांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. स्पेनमधल्या लेऑन शहरात रुबेन नावाचा डाउन सिंड्रोम असलेला मुलगा साध्या शाळेत शिकत होता. शिक्षण खात्याने त्याला आईवडिलांच्या मनाविरुद्ध विशेष केंद्रात घालायचं ठरवलं. आईवडिलांनी पाठवलं नाही, तर उलट त्यांच्यावरच मुलाची हेळसांड केल्याचा ठपका ठेवून फौजदारी कारवाई सुरू झाली. समितीने २०२० मध्ये स्पेनने करार मोडल्याचं सांगितलं. निर्णय वाचण्यासारखा आहे. फक्त तो येईपर्यंत रुबेन विशीत पोचला होता. तुमच्या लेकाला (पत्रात त्याचं नाव आहे, मी इथे सोनू म्हणते) येत्या जूनमध्ये तिसरीत जायचंय.

आता तुमचा प्रश्न, शाळेला जिनिव्हाचं काय? बरंच काही. आपल्याकडे २०१६ मध्ये दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. तो कशासाठी केला हे त्याच्या मथळ्याखालीच लिहिलंय, संयुक्त राष्ट्रांच्या या करारावर अंमल करण्यासाठी. म्हणजे जिनिव्हाला जायची गरजच नाही, जिनिव्हाच मिरजेत येऊन बसलंय. त्या कायद्याचं कलम १६ सरकारने पैसे दिलेल्या किंवा मान्यता दिलेल्या सगळ्या शाळांना लागू होतं. 'आम्ही विनाअनुदानित आहोत, आम्हाला हे लागू नाही' असं कुणी म्हणालं तर शांतपणे विचारा, मान्यता कुणाची आहे? शाळेच्या पाटीवर मान्यता क्रमांक असला तर मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा.

करारात काय आहे ते आता जरा सावकाश सांगते, कारण अर्ज लिहिताना तेच कामाला येणार आहे. बालहक्क करारात भेदभावाच्या कारणांच्या यादीत अपंगत्वाचं नाव घेतलेलं आहे. मानवी हक्कांच्या करारांत ते तसं पहिल्यांदाच आलं. त्याचं कलम २३ खास अपंग मुलांवर आहे. पण खरं सांगू, त्या कलमाला थोडा दयेचा वास येतो. 'विशेष काळजी', 'साधनं असतील त्याप्रमाणे', 'शक्य असेल तेव्हा मोफत' अशी त्याची भाषा. सतरा वर्षांनी आलेल्या अपंगांच्या करारात ही भाषा बदलली, कारण तो लिहिताना अपंग माणसं स्वतः टेबलाशी बसली होती. तिथे कलम २४ सरळ सांगतं की अपंगत्वाच्या कारणावरून मुलाला सर्वसाधारण शिक्षणाबाहेर ठेवायचं नाही. आणि कलम २ मध्ये एक संकल्पना आहे, तिला मराठीत वाजवी सोय म्हणू. एखाद्या विशिष्ट माणसाला इतरांच्या बरोबरीने हक्क वापरता यावा म्हणून करायचा नेमका, जरुरीपुरता आणि समोरच्यावर अतोनात बोजा न टाकणारा बदल. अशी सोय नाकारणं हाच भेदभाव, असं करार म्हणतो. आपल्या २०१६ च्या कायद्यातही हे जवळपास जसंच्या तसं आलंय. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लेखनिक मागणाऱ्या एका परीक्षार्थीच्या प्रकरणात हेच तत्त्व समानतेच्या हक्काचा भाग म्हणून उचलून धरलं. त्या मुलाला लिहिताना हात आखडायचा त्रास होता, आणि सोय नाकारताना त्याला सांगितलं होतं की तुझं अपंगत्व ठरावीक टक्क्यांत बसत नाही.

आता ही वाजवी सोय तुमच्या जिन्यापाशी आणून ठेवू. दुसरीचा वर्ग तळमजल्यावर आणायचा, तळमजल्यावरचा कुठला तरी वर्ग वर न्यायचा. यात शाळेचा एक रुपया जात नाही. फळासुद्धा हलवावा लागत नाही, प्रत्येक खोलीत फळा असतोच. लघवीला न्यायला शाळेतल्या मावशींना दोन ठरलेल्या वेळा सांगायच्या आणि मुतारीच्या भिंतीला एक लोखंडी दांडा ठोकायचा. गवंड्याचं अर्ध्या दिवसाचं काम. तुम्ही रोज पाच-सहा तास जिन्याखाली बसता, ती खरं तर शाळेने करायची नोकरी तुम्ही बिनपगारी करताय. शाळेला त्याची सवय झाली आहे, आणि माफ करा, तुम्हालाही.

शॅडो टीचरचं मला पटलेलं नाही. काही मुलांना वर्गात शेजारी मोठं माणूस लागतं हे मान्य. पण तुमच्या चार पानांत सोनूला अभ्यासात कुणी शेजारी बसायला हवंय असं कुठेच आलेलं नाही. त्याला अडतो तो जिना आणि अडते ती मुतारी. मग हा शॅडो टीचर सोनूची गरज आहे की शाळेची, हे आधी विचारा. आणि खरंच लागला, तरी त्याचा खर्च आपोआप तुमच्या गळ्यात पडत नाही. करारावर देखरेख ठेवणाऱ्या समितीने २०१८ मध्ये खुलासा केलाय की वाजवी सोयीचा भार अपंग व्यक्तीवर टाकायचा नसतो. 'बजेट नाही' हेही उत्तर फार काळ टिकत नाही. इटलीत एका स्वमग्न मुलीला पहिली दोन वर्षं वर्गात विशेष मदत मिळाली नव्हती, सरकारने पैशाची अडचण पुढे केली. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं की कात्री लावायचीच असेल तर ती सगळ्यांना सारखी लागली पाहिजे, तिची धार अपंग मुलांवरच चालवायची नाही. ते न्यायालय आपल्यावर बंधनकारक नाही, मला माहीत आहे. पण मुख्याध्यापिकांच्या समोर बसून बोलताना हा मुद्दा उपयोगी पडतो.

स्पेशल शाळेबद्दल. याच समितीने २०१६ मध्ये समावेशक शिक्षणावर एक टिप्पणी काढली, तीत चार गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या आहेत. मुलाला दारातच अडवणं ही एक. त्याला त्याच्यासारख्यांच्या वेगळ्या शाळेत धाडणं ही दुसरी. त्याला साध्या वर्गात बसवणं, पण वर्ग, बाक, परीक्षा, जिना यांतलं काहीच न हलवता, ही तिसरी. आणि वर्गानेच त्याच्यासाठी बदलणं ही चौथी. समितीला चौथीच मान्य आहे. सोनू गेली काही वर्षं तिसऱ्या खान्यात होता, आता त्याला दुसऱ्यात ढकलतायत. आपला कायदा मात्र इथे थोडा मवाळ आहे. ४० टक्क्यांहून कमी नाही असं प्रमाणित अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे, असं कलम ३१ म्हणतं. मला वैयक्तिक विचाराल तर विशेष शाळा सरसकट वाईट असं मी म्हणणार नाही. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलाला जिथे सगळे हातांनी बोलतात अशी शाळा म्हणजे घरच वाटतं, आणि करारही सांकेतिक भाषेच्या बाबतीत हे ओळखतो. पण कलमातला शब्द 'पसंती' आहे, आणि ती मुख्याध्यापिकांची पसंती नव्हे.

जाता जाता, जिल्हा परिषदेच्या शाळेकडे नाक मुरडू नका. 'समग्र शिक्षा' या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक तिथे येतात, वर्ग बहुधा बैठ्या इमारतीत असतात. रॅम्प कधीकधी भिंतीसारखा उभा असतो हे खरं, पण जिन्यापेक्षा बरा. ही शाळा सोडाच असं मी म्हणत नाही. सोडायची झाली तर तुमच्या मर्जीने सोडा, इतकंच.

हमीपत्राचा फोटो पाठवलात ते बरं केलंत. 'पाल्यास शाळेच्या आवारात कोणतीही इजा झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही' आणि खाली 'शाळेने सूचना दिल्यास पाल्याचा दाखला विनातक्रार काढून घेऊ.' यातलं दुसरं वाक्य वाचून मी चष्मा काढून पुसला. यावर सही करू नका. त्यांनी आग्रह केला तर 'लेखी द्या, आम्ही विचार करून कळवतो' एवढंच म्हणा. आधीच सही झाली असती तरी कायद्याने दिलेला हक्क अशा कागदाने जात नाही. पण नसलेली सही बरी. शिवाय शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पुरी होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. 'बाकीच्या पालकांच्या तक्रारी' हा आधार कुठल्याही कायद्यात नाही. त्या तक्रारी लेखी आहेत का, एवढं विचारा. माझा अंदाज, नसतील.

सासूबाईंवर रागावू नका. त्यांच्या पिढीने अशी मुलं माजघरात वाढताना पाहिली आहेत, पाहुणे आले की दार ओढून घेतलं जायचं. करार लिहिणाऱ्यांनाही हे माहीत होतं. अपंगांच्या कराराच्या कलम २३ मध्ये अपंग मुलाला लपवणं, टाकून देणं, त्याच्याकडे दुर्लक्ष करणं आणि त्याला वेगळं काढणं, असे चारही प्रकार नावानिशी आले आहेत, आणि ते टाळायचे तर कुटुंबाला वेळेत माहिती आणि मदत द्या, असं सरकारांना सांगितलंय. सात वर्षांच्या मुलाला आईबापांपासून दूर ठेवण्याचं कारण एक जिना असेल, तर ते त्यांना याच शब्दांत सांगून बघा. बहुतेक आज्या जिन्याच्या बाजूने उभ्या राहत नाहीत.

आता अर्ज. साध्या मराठीत, एका पानात, मुख्याध्यापिकांच्या नावाने. मुलगा कुठल्या इयत्तेत, अपंगत्व काय, प्रमाणपत्राचा किंवा यूडीआयडी कार्डाचा (सरकारी दिव्यांग ओळखपत्राचा) क्रमांक. मग 'दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या कलम १६ नुसार माझ्या मुलास पुढील वाजवी सोयी द्याव्यात' असं लिहून वर्ग तळमजल्यावर, स्वच्छतागृहात दांडा, ठरलेल्या वेळी मदतनीस, लिहायला थोडा जास्त वेळ, खेळाच्या तासाला वर्गात बसवून न ठेवणं. शेवटचं विसरू नका, खेळण्याचा हक्क दोन्ही करारांत आहे आणि सोनूला मैदानावर कुणी नेतं का याचा पत्रात उल्लेखच नाही. 'सोय नाकारायची असल्यास कारण लेखी द्यावे' ही अर्जाची शेवटची ओळ. दोन प्रती काढा. शाळेच्या ऑफिसात एकीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय उठू नका. शिक्का द्यायला नकार दिला तर तिथून थेट पोस्टात जा, पोचपावतीसह स्पीड पोस्ट करा. तीस वर्षं वकिली केली, भांडणं जिंकताना मी युक्तिवादापेक्षा शिक्के जास्त वेळा कामाला आलेले पाहिले आहेत.

पंधरा दिवसांत हालचाल नाही झाली तर त्याच अर्जाची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना आणि जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांना. पुढची पायरी पुण्याचे राज्य दिव्यांग आयुक्त. साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार त्यांना आहेत. राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडेही जाता येतं. वकील लागलाच तर सांगलीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रिया, मुलं आणि अपंग व्यक्ती यांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. बहुतेक वेळा गोष्ट इथवर येत नाही. शिक्का बसलेला अर्ज पाहिला की वर्ग खाली येतो.

आता जे मला सगळ्यात आधी लिहायचं होतं ते. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मुख्याध्यापिका काय म्हणाल्या ते आहे, सासूबाईंचं म्हणणं आहे, मिस्टरांचं आहे. सोनूचं एकही वाक्य नाही. त्याला ही शाळा आवडते का, त्याचा मित्र कोण, त्याला वसतिगृहाची कुणकुण लागली आहे का, काहीच नाही. बालहक्क कराराचं कलम १२ म्हणतं, मुलाशी संबंधित गोष्टीत मुलाचं मत ऐका आणि वयाप्रमाणे त्याला वजन द्या. अपंगांच्या कराराचं कलम ७ त्याच्या पुढे जाऊन म्हणतं, हे मत मांडायला त्याला जी मदत लागेल तीही द्या. सोनू अडखळत बोलतो असं तुम्हीच लिहिलंय. मग चित्रं दाखवा, हो-नाहीच्या खुणा घ्या, वाक्य पुरं होईपर्यंत थांबा. मधे त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. आयांना ही सवय असते.

पत्रातल्या एका ओळीपाशी मी थबकले, डोळे मिटण्याच्या. तुम्हाला वाटलं असेल त्याला उंचीची भीती वाटते. असेलही. माझ्या धाकट्या भावाला पोलिओ होता. आमची आई त्याला पाठुंगळी घेऊन शाळेच्या पायऱ्या चढायची आणि तो असेच डोळे मिटायचा. आम्ही सगळे त्याला भित्रा म्हणायचो. चाळिशी उलटल्यावर एकदा जेवताना तो सहज बोलून गेला, 'वर्गातली पोरं बघायची गं. मी डोळे मिटले की मला ती दिसायची नाहीत.' आई तेव्हा हयात नव्हती.

सोनूचं कारण वेगळं असू शकेल. त्याला विचारा. आणि तो जे सांगेल ते अर्जात, मधल्या परिच्छेदात, त्याच्याच शब्दांत लिहा, शुद्धलेखन न सुधारता. अर्ज द्यायला जाल तेव्हा त्याला बरोबर न्या आणि भिंत धरून त्याचा त्याला आत चालत जाऊ द्या. मुख्याध्यापिकांचं ऑफिस तळमजल्यावरच असेल.